आईस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट? ज्यूस की ड्रिंक? पाकिटावरच्या नावांमागचे नियम काय सांगतात?

मे महिन्यातली दुपार. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये दोन कोन शेजारीशेजारी पडलेले असतात. दोन्हींवर चॉकलेटचा थर, दोन्हींवर काजूचे तुकडे, किंमतही जवळपास सारखीच. एकावर बारीक अक्षरांत 'आईस्क्रीम' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर 'फ्रोझन डेझर्ट'. विकत घेणारा दोन्हींना आईस्क्रीमच म्हणतो. दुकानदारही तेच म्हणतो.

कंपनी मात्र चुकूनही तसं म्हणत नाही, कारण तिला ते म्हणताच येत नाही.

भारतात पाकीटबंद पदार्थाला कोणतं नाव द्यायचं हे बऱ्याच अंशी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजेच एफएसएसएआय, ठरवतं. आईस्क्रीम, ज्यूस, जॅम, पनीर, चॉकलेट अशा नावांची व्याख्या नियमांत दिलेली आहे. त्या व्याख्येत पदार्थ बसला नाही तर कंपनीला दुसरा, जवळचा वाटणारा शब्द शोधावा लागतो. ग्राहकाला हे दोन शब्द सारखेच वाटतात. फरक कळतो तो मागची बाजू वाचली तर.

पाकिटावर दोन नावं असतात

एक नाव मोठं, रंगीत आणि जाहिरातीतून पाठ झालेलं. ते ब्रँडचं नाव. दुसरं लहान अक्षरांत, बहुतेक वेळा एखाद्या कोपऱ्यात. ते पदार्थाचं नाव. पदार्थ नेमका काय आहे हे सांगण्याची जबाबदारी या दुसऱ्या नावावर असते.

ब्रँडच्या नावाला बरीच मोकळीक असते. त्यात 'नॅचरल', 'प्युअर', 'फ्रेश', 'रिअल' असा शब्द असेल आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर 'हे केवळ ब्रँडचं नाव किंवा ट्रेडमार्क आहे, त्यातून पदार्थाचं खरं स्वरूप कळत नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. जाहिराती आणि दाव्यांबाबतच्या २०१८ च्या नियमांत हे सांगितलेलं आहे. या सूचनेच्या अक्षरांची उंची किमान ३ मिलिमीटर असावी, असंही त्यात आहे. तीन मिलिमीटर म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढी!

आणखी एक अडचण आहे. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत देणं बंधनकारक आहे, मराठीत देणं नाही. इतर भाषा जोडीला वापरता येतात, पण ती कंपनीची मर्जी. त्यामुळे मराठी ग्राहकाला निवड करायची असते ती इंग्रजीतल्या दोन जुळ्या भावंडांसारख्या शब्दांमधून.

आईस्क्रीममध्ये दुधाचं फॅट लागतं

नियमानुसार साध्या आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के फॅट असावं लागतं आणि ते दुधाचं असावं लागतं. 'मीडियम फॅट' आईस्क्रीममध्ये हे प्रमाण २.५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं, 'लो फॅट'मध्ये २.५ टक्क्यांपर्यंत. फ्रोझन डेझर्टमध्येही फॅटचं प्रमाण तेवढंच असू शकतं, पण तिथे खाद्यतेल किंवा वनस्पतिजन्य फॅट वापरायला परवानगी आहे.

म्हणजे फ्रोझन डेझर्ट भेसळयुक्त असतं का? नाही. त्याला स्वतःचं मानक आहे आणि त्यात दुधाची पावडर किंवा दुधातले इतर घटकही बहुतेक वेळा असतात. फक्त फॅट दुसरीकडून येतं. दुधाच्या फॅटपेक्षा पामसारखी तेलं स्वस्त पडतात, हे त्यामागचं साधं गणित. चव जवळपास तशीच लागते, त्यामुळे लहान मुलांना फरक कळत नाही आणि मोठ्यांनाही क्वचितच कळतो.

या एका शब्दावरून देशातल्या दोन मोठ्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २०१७ मध्ये अमूलची उत्पादनं विकणाऱ्या गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाने टीव्हीवर जाहिरात केली. आपलं आईस्क्रीम दुधाचं असतं, तर फ्रोझन डेझर्टमध्ये 'वनस्पती' असते, असा तिचा सूर होता. क्वालिटी वॉल्स या नावाने फ्रोझन डेझर्ट विकणाऱ्या हिंदुस्तान युनिलिव्हरने त्याला हरकत घेतली. आपण वनस्पती वापरतच नाही, वनस्पतिजन्य फॅट वापरतो, असं कंपनीचं म्हणणं होतं.

मराठी वाचकाला इथे गंमत वाटेल. आपल्याकडे वनस्पती म्हणजे झाडझाडोरा. पण बाजारात 'वनस्पती' म्हटलं की हायड्रोजन मिसळून घट्ट केलेलं तूप, म्हणजे आपल्या आज्यांच्या भाषेत डालडा, डोळ्यांसमोर येतो. ट्रान्स फॅटमुळे त्याची प्रतिमा वाईट. पुढच्या जाहिरातीत 'वनस्पती'ऐवजी 'वनस्पती तेल' असा बदल करण्यात आला, तरी वाद मिटला नाही. जून २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने या जाहिराती दाखवायला मनाई केली. स्पर्धकाच्या संपूर्ण उत्पादन प्रकाराची बदनामी त्यातून होते, असं न्यायालयाला वाटलं.

त्या खटल्यामुळे निदान 'फ्रोझन डेझर्ट' हा शब्द बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळला.

जाता जाता एक गोष्ट. आईस्क्रीम मिलिलिटरमध्ये विकतात, ग्रॅममध्ये नाही, कारण त्यात हवा फेटलेली असते. एक लिटर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं असा नियम आहे. म्हणजे एक लिटरचा डबा घरी नेला तर त्यात अर्ध्या किलोहून थोडंच जास्त आईस्क्रीम असू शकतं, आणि तेही पूर्णपणे नियमात बसून.

ज्यूस, नेक्टर, ड्रिंक: फळ किती, पाणी किती?

मराठीत हा भेद मुळातच आहे. आमरसाला कुणी सरबत म्हणत नाही आणि पन्ह्याला कुणी रस म्हणत नाही. कोकणात तर कोकमाचं आगळ वेगळं आणि साखरेतलं अमृत कोकम वेगळं. ताटावर बसलेल्या माणसाला नावावरूनच कळतं की पेल्यात काय आहे.

पाकिटातल्या पेयांचंही तसंच आहे, फक्त शब्द परके आहेत. 'ज्यूस' म्हणजे फळाचा रस. तो ताज्या फळाचा असेल किंवा आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून पूर्ववत केलेला असेल. 'नेक्टर'मध्ये पाणी आणि साखर घातलेली असते, बहुतेक फळांच्या बाबतीत रसाचं प्रमाण किमान २० टक्के. आणि 'फ्रूट ड्रिंक' किंवा 'फ्रूट बेव्हरेज'मध्ये किमान १० टक्के, लिंबाच्या पेयात तर ५ टक्के रस असला तरी चालतं.

झाडाखाली उभं राहून हापूस खाणाऱ्या नायिकेची जाहिरात आणि पाकिटावर रस निथळणारा आंबा पाहून घेतलेलं पेय हे बऱ्याचदा या तिसऱ्या गटातलं असतं. घटकांच्या यादीत पाणी आणि साखर आधी आणि आंब्याचा गर नंतर दिसतो. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. पूर्ण लेबल वाचायला वेळ नसेल तर या यादीतले पहिले तीन शब्द वाचले तरी बरंच कळतं.

'ज्यूस' लिहिलेलं असलं तरी तिथे आणखी एक पायरी आहे. किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर वरून घातली असेल तर त्याला 'स्वीटन्ड ज्यूस' म्हणावं लागतं. आटवलेल्या रसापासून बनवलेल्या ज्यूसवर '१०० टक्के फ्रूट ज्यूस' असं छापण्याची पद्धत बरीच वर्षं होती. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने हा दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढून टाकायला सांगितलं. नियमांत असा शंभर टक्क्यांचा दावा करण्याची तरतूदच नाही आणि अशा पेयात सर्वांत जास्त प्रमाण पाण्याचं असतं, असं कारण प्राधिकरणाने दिलं. त्याला काही कंपन्यांनी विरोधही केला.

जॅमचं प्रकरण त्या मानाने सरळ आहे. जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के लागतं, स्ट्रॉबेरी आणि रासबेरीसाठी २५ टक्के. बाकी मुख्यतः साखर.

प्रत्येक वेळी दोन शब्द म्हणजे दोन गोष्टी असतातच असं मात्र नाही. टोमॅटो केचप आणि टोमॅटो सॉस यांच्यात फरक काय यावर घरोघरी वाद होतात. केचपमध्ये मसाले असतात, सॉस पातळ असतो, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या नियमांत या दोघांसाठी एकच मानक आहे.

'टोन्ड' हा शब्द मुंबईचा

दुधाच्या पिशवीवरचे शब्द इतक्या सवयीचे झालेत की त्यांचा अर्थ कुणी विचारत नाही. फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के फॅट, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५ टक्के. अनेकांना वाटतं, टोन्ड म्हणजे काहीतरी जास्तीची प्रक्रिया करून सुधारलेलं दूध. 'डबल टोन्ड' तर आणखी दमदार वाटतं, जिममध्ये जाऊन आल्यासारखं. प्रत्यक्षात तो फॅट उतरण्याचा क्रम आहे.

टोनिंगची कल्पना मुंबईत रुजली. तिचं श्रेय दारा खुरोडी यांना दिलं जातं. १९४० च्या दशकात शहरात दुधाची टंचाई होती. म्हशीचं दूध घट्ट आणि महाग. त्यात स्किम्ड दुधाची पावडर आणि पाणी घातलं तर फॅट कमी होतं, प्रथिनं टिकतात, दूध वाढतं आणि ते स्वस्तात जास्त घरांपर्यंत पोचतं. गोरेगावच्या आरे दूध वसाहतीचं नाव या प्रयोगाशी जोडलेलं आहे. पुढे १९६३ मध्ये खुरोडी यांना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण नावं ठेवतो. तेच काम मोजूनमापून, स्वच्छ पद्धतीने आणि जाहीरपणे केलं तर त्याला 'टोन्ड' असं वेगळं नाव मिळतं. फसवणूक आणि उत्पादन यांच्यात इथे नावाचाच काय तो आडपडदा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे, कारण पिशवी घेणाऱ्याला काय मिळतंय ते त्यावर लिहिलेलं असतं.

पनीर, चीज आणि 'अ‍ॅनालॉग'

पनीरच्या व्याख्येनुसार त्यातला पाण्याचा अंश वगळून जे उरतं, त्याच्या किमान ५० टक्के दुधाचं फॅट असावं लागतं. लो फॅट पनीरसाठी वेगळी मर्यादा आहे. पण दुधाचं फॅट काढून त्याजागी तेल घातलं तर तयार होणारा पांढरा, मऊ, चौकोनी तुकडा हा नियमांच्या भाषेत 'अ‍ॅनालॉग' ठरतो. दुधातल्या एखाद्या घटकाची जागा दुधाबाहेरच्या घटकाने घेतली, आणि तरी पदार्थ दिसायला किंवा वापरायला दुधाच्या पदार्थासारखा असेल, तर तो अ‍ॅनालॉग. तो बनवणं आणि विकणं बेकायदा नाही. तो नुसतं 'पनीर' म्हणून विकणं बेकायदा आहे.

'अ‍ॅनालॉग' हा शब्द प्रयोगशाळेतल्या माणसाला कळेल. भाजी घ्यायला आलेल्या काकूंना तो घड्याळाचा प्रकार वाटला तर त्यात त्यांची चूक नाही. शिवाय पाकिटावर हा शब्द निदान छापलेला असतो. डेअरीतून सुटं घेतलेल्या पनीरवर काहीच लिहिलेलं नसतं आणि हॉटेलच्या ताटात आलेल्या पनीर टिक्क्यावर तर नाहीच. २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात महाराष्ट्राच्या विधानसभेत बनावट पनीरचा मुद्दा गाजला, त्याचं मूळ इथे आहे.

यात दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचंही नुकसान होतं. एक किलो पनीरसाठी साधारण पाच ते सहा लिटर दूध लागतं. दुधाचा भाव लिटरला ५० रुपये धरला तरी नुसत्या दुधाचेच किमान २५० रुपये होतात. त्यात इंधन, मजुरी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा मिळवा. मग कुणी २०० रुपये किलोने 'मलई पनीर' देत असेल, तर तिथे लेबल नसलं तरी अंदाज बांधता येतो.

चीजच्या बाबतीत फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात एक वेगळंच चित्र दिसलं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका शाखेत काही पदार्थांत चीजऐवजी चीजसारखा पदार्थ वापरल्याचा ठपका राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ठेवला. त्यानंतर मेन्यूवरची नावं बदलली. 'कॉर्न अँड चीज बर्गर'चा 'अमेरिकन व्हेजिटेरियन बर्गर' झाला आणि 'ब्लूबेरी चीजकेक'चा नुसताच 'ब्लूबेरी केक'. पश्चिम आणि दक्षिण भारतात ही साखळी चालवणाऱ्या वेस्टलाइफ फूडवर्ल्डने आपण अस्सल चीजच वापरतो, अशी भूमिका घेतली आणि पुढे एफएसएसएआयच्या तपासणीतूनही तेच स्पष्ट झाल्याचं जाहीर केलं. बर्गर तोच, पण एक नाम वापरायचं की नाही यावर मोठ्या कंपनीलाही थांबून विचार करावा लागला.

चॉकलेटचंही असंच आहे. चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरं वनस्पतिजन्य फॅट फार तर ५ टक्के चालतं आणि तेही लेबलवर सांगावं लागतं. कोको बटरच्या जागी सरसकट तेल वापरलं की त्याला 'कंपाउंड' म्हणतात. बिस्किटांवर आणि कोनांवर 'चोको', 'चोको कोटिंग' असे अर्धवट शब्द का दिसतात, याचं उत्तर बऱ्याचदा त्यात असतं.

तीन अक्षरं, जी औषधाचं नाव आहेत

आतापर्यंतचा मामला चवीचा आणि पैशांचा होता. 'ओआरएस'चा तसा नाही.

जुलाब झालेल्या मुलाच्या अंगातलं पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ओआरएसचं ठरावीक सूत्र दिलं आहे. एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, एकूण २०.५ ग्रॅम. यात साखर चवीसाठी नसते. आतड्यातून मीठ आणि पाणी शोषलं जावं म्हणून ती मोजून घातलेली असते. साखर खूप जास्त झाली तर उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात.

तरीही बरीच वर्षं मेडिकलच्या दुकानांत 'ओआरएस' ही अक्षरं नावात असलेली, फळांच्या चवीची गोड पेयं टेट्रा पॅकमध्ये मिळत होती. त्यात या सूत्राच्या कित्येक पट साखर असे. जुलै २०२२ च्या आदेशाने एफएसएसएआयने ट्रेडमार्कमध्ये पुढे-मागे काही जोडून ही अक्षरं वापरायला मुभा दिली होती. अट एवढीच, की 'हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही' अशी सूचना छापायची. पण रात्री अकरा वाजता तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन दुकानात उभा असलेला बाप ती सूचना वाचणार कधी? तो ओआरएस मागतो, दुकानदार त्या नावाचं पाकीट देतो.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरोधात सुमारे आठ वर्षं पाठपुरावा केला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एफएसएसएआयने आधीची मुभा मागे घेतली. आता सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात ही अक्षरं कोणत्याही रूपात वापरता येत नाहीत. घरात जुना साठा पडला असेल तर पाकीट फिरवून बघा. खऱ्या ओआरएसवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि घटकांचं वर दिलेलं प्रमाण सापडतं.

'बेस्ट बिफोर' उलटली म्हणजे फेकायचं का?

तारखेशेजारचे शब्दही असेच गोंधळात टाकतात. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्या तारखेनंतर पदार्थ सुरक्षित असेलच असं सांगता येत नाही आणि तो विकताही येत नाही. 'बेस्ट बिफोर' दर्जाबद्दल बोलतं. त्या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास पूर्ण टिकेल. त्यानंतर पदार्थ खाण्याजोगा असूही शकतो, फक्त आधीइतका चांगला नसेल. २०२० च्या लेबलिंग नियमांनी एक्सपायरी किंवा यूज बायची तारीख सक्तीची केली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक ठरवलं. दोन्ही तारखा पाखीट सांगितल्याप्रमाणे ठेवलं असेल तरच खऱ्या. 'फ्रीजमध्ये ठेवा' लिहिलेलं दही दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलं, तर तारखेला काही अर्थ उरत नाही.

तक्रार कुठे करायची?

लेबलवरचं नाव आणि आतला पदार्थ जुळत नाही असं वाटलं तर आधी पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. बॅच क्रमांक, तारीख आणि १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक त्यात स्पष्ट दिसायला हवा. बिल जपून ठेवावं. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयातही लेखी तक्रार देता येते. सुट्या पदार्थाबाबत तक्रार असेल तर दुकानाचं नाव, पत्ता आणि खरेदीची वेळ लिहून द्यावी, कारण तिथे पाकीट नसतं आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला नमुना त्या दुकानातूनच घ्यावा लागतो.